वर अर्थ न्हाय

मंगळवार पेठेतल्या पिठाच्या गिरणीवरची खोली आम्हाला सरावासाठी मिळाली, त्या दिवशी गिरणीच्या मालकीणबाई जिन्याखाली उभ्या राहून आमचं सामान वर जाताना बघत होत्या. अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणते, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. ड्रम गेले, गिटारी गेल्या, काळे अगडबंब स्पीकर गेले. शेवटचा खोका जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हा आक्का एकच वाक्य बोलल्या.

"वर अर्थ न्हाय बरं का."

आम्ही तिघं वर जाऊन पोट धरून हसलो. तिघं म्हणजे मी, माझा नवरा आणि नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त. नवरा ड्रम वाजवतो. दोस्त हातकणंगल्याकडच्या शेतकरी घरातला, तो लीड गिटार वाजवतो. मी दुसरी गिटार वाजवते आणि घसा फाडून गाते. आमचं संगीत मेटल, त्यातही हल्लीचं, म्हणजे तारा इतक्या सैल करून खालच्या सुरात लावायच्या की ऐकणाऱ्याच्या बरगड्या हलाव्यात. ह्यात काही अर्थ नाही हे आम्हाला घरच्यांनी आधीच सांगितलेलं होतं, फक्त जरा लांबण लावून. माझ्या सासूबाई तर म्हणायच्या की कागलच्या कंपनीत क्वालिटी बघणारी शिकलीसवरलेली सून रविवारी असं का किंचाळते, हे शेजाऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं. आक्कांनी तेच सगळं दोन शब्दांत संपवलं, एवढंच.

आम्हाला ते इतकं आवडलं की त्याच आठवड्यात त्याचं गाणं झालं. आमचं पहिलं स्वतःचं गाणं. धृपदात दुसरं काहीच नाही, तिघांनी मिळून ओरडायचं, अर्थ न्हाय, अर्थ न्हाय. मी आणि दोस्त एकाच माइकवर दोन्ही बाजूंनी वाकायचो. गिटार हातात, ओठ माइकच्या जाळीला टेकलेले.

खोलीचे नियम आक्कांचे होते. शेजारच्या खोलीत लोकांच्या धान्याची पोती असायची, म्हणून चपला जिन्याखाली काढायच्या. अन्नाच्या घरात चपला घालून जायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. मेटल वाजवत असलो तरी लहानपण कोल्हापुरातच गेलेलं. तेव्हा अनवाणी, शहाबादी फरशीवर उभं राहून आम्ही वाजवायचो. वरच्या सॉकेटमध्ये दोन्ही गिटारींचे अँप, म्हणजे आवाज वाढवणारे खोके, लावलेले असत. माइक ज्याला जोडलेला तो गाण्याचा स्पीकर त्या सॉकेटला पेलत नव्हता, जळका वास यायचा, म्हणून त्याची वायर जिन्यावरून खाली सोडून गिरणीच्या बोर्डात लावलेली. सगळं आपलं जुगाड. पण चालत होतं.

आणखी एक गोष्ट आम्ही वरून बघायचो. आक्का गिरणीमागच्या भिंतीच्या कोपऱ्यात कळशीभर पाणी ओतायच्या. तिथं झाड नाही, तुळस नाही, एक रोपटं नाही. नुसती माती आणि वर एक फरशीचा तुकडा. दोस्त म्हणायचा, कुठला तरी देव असेल. आम्ही गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात तेही घातलं, कोरड्या मातीला पाणी घालणारी बाई. स्वतःला फार हुशार समजत होतो.

मग तो रविवार आला. उन्हाळा सुरू झालेला, घामाने अंग चिंब. धृपदाला मी माइककडे वाकले आणि ओठांवर कुणी तरी हातोडी मारावी तसं झालं. डोळ्यांसमोर पांढरं. तोंडात तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या ताकाची चव. उजवा हात गिटारवर आवळला गेला आणि सुटेना. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग मी मागे ड्रमवर कोसळले आणि कोसळल्यामुळेच सुटले.

शॉक बसला हे सगळ्यांना कळलं. पण आपल्याकडे शॉक म्हणजे काही आजार नव्हे. फ्रीज चिमटा काढतो, गिझर चिमटा काढतो, मंडळाच्या मांडवात तर माइक हातात देतानाच सांगतात, जरा करंट मारतोय, सांभाळून धरा. दोस्ताने माइकवर स्पंजची टोपी चढवली आणि म्हणाला, मिटला विषय. नवऱ्याने पाणी दिलं, पाठ चोळली, घाबरला तोही. पण घरी येईपर्यंत त्याची भीती उतरली होती. माझी उतरली नाही.

मी ते कुणाला नीट सांगू शकले नाही. सांगायचं तर काय, की मला गिटारची भीती वाटते? घरी चहाची बशी ओठाला लावताना मी दचकायला लागले. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात, मी तर स्टीलचा चमचासुद्धा तोंडात घालेना. कंपनीत मोजमापाची यंत्रं हाताळताना आधी बोटाच्या मागच्या बाजूने हळूच शिवून बघायचे. नवरा चेष्टेत म्हणायचा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. खरंच होतं ते. माझा ब्रह्मराक्षस भिंतीच्या आत राहत होता आणि प्रत्येक बटणातून माझ्याकडे बघत होता.

तरी मी सरावाला जात होते. नाही गेले तर गिटार कायमची सुटेल हे मला माहीत होतं. आणि वाजवणं सोडलं तर माझ्याकडे माझं असं काय उरलं असतं? सकाळची कंपनीची बस, संध्याकाळचा स्वयंपाक, आणि सासूबाईंचं समाधान. ह्या तिन्हींविरुद्ध माझी तक्रार नाही, पण त्यांच्यावर मी जगू शकले नसते.

आता एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. हल्लीच्या मेटलचा सगळा जीव उजव्या तळव्यात असतो. तारा गिटारच्या बुडाशी धातूच्या एका पट्टीवर टेकलेल्या असतात, तिला ब्रिज म्हणतात. तळव्याची कड त्या ब्रिजवर दाबून ठेवायची आणि तारा छेडायच्या. मग सूर लांबत नाही, जागच्या जागी तुटतो. जग, जग, जग, आणि मध्ये पूर्ण शांतता. ती शांतता जितकी कोरडी, तितका आवाज घट्ट. म्हणजे धातूवर हात सतत ठेवावाच लागतो. आणि माझा हात ठेवायला तयार नव्हता. मी ठरवून दाबायचे, दोन ओळी जायच्या, आणि तळवा आपोआप केसभर वर उचलला जायचा. तेवढ्याने आवाज सैल पडायचा. चिखलात पाय बुडावा तसा सूर सुराला चिकटायला लागला.

दोस्ताचा कान तीक्ष्ण. दुसऱ्याच सरावाला त्याने ओळखलं की माझी गिटार ढिली वाजते. पण कारण मात्र त्याने भलतंच शोधलं.

"वैनी, तुमचं पिकअप बाद झालंय. एवढ्या खालच्या सुराला ते पुरत न्हाय."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारांची थरथर तेच उचलतं आणि अँपकडे पाठवतं. दोस्त म्हणत होता त्यात तथ्य होतंच. माझं जुनं पिकअप मऊ स्वभावाचं होतं, जुन्या पद्धतीच्या रॉकला बरं. पण आवाज ढिला झाला होता तो माझ्या हाताने. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथं तर अंगणच बदलायचं घाटत होतं. मी खरं सांगू शकले असते. पण "पिकअप बदलूया" हे वाक्य मला इतकं सोयीचं वाटलं की मी लगेच मान डोलावली.

मग दोन-तीन आठवडे आम्ही दुसरं काही बोललोच नाही. दोस्ताचं मत सिरॅमिक चुंबकाच्या बाजूने. त्याच्या स्वतःच्या गिटारला तेच होतं. आवाज कडक, खालची तार छेडली तरी प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, फक्त वरचे सूर जरा कानाला टोचतात. दुसरा पर्याय अल्निको नावाच्या चुंबकाचा, त्याचा आवाज गोलाईचा, गाण्यातल्या संथ जागांना छान, पण जोराच्या जागी किंचित बसतो. तिसरा पर्याय बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपचा, ज्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात. गिटारच्या पोटात छोटी चौकोनी बॅटरी बसवायची. आवाज एकदम साफ, गुणगुण जवळजवळ नाहीच, त्यामुळे दोन ठोक्यांमधली शांतता खरोखर शांत. दोस्ताला ते पटत नव्हतं. त्यात माणसाचा हात ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ऐन कार्यक्रमात बॅटरी संपली तर काय करायचं?

मी रात्रंदिवस मोबाइलवर ह्या तिन्हींचे आवाज ऐकत होते असं सगळ्यांना वाटायचं. ऐकत होतेही. पण एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या कँटीनमध्ये बसून मी अ‍ॅक्टिव्ह पिकअपची माहिती वाचत होते आणि एका ओळीवर थांबले. साध्या पिकअपमध्ये ब्रिजला एक वायर जोडलेली असते, ती तारांना अँपच्या धातूशी जोडते. म्हणूनच अँप बिघडला की वीज तारांपर्यंत पोचते. अ‍ॅक्टिव्ह पिकअपला ती वायर लागत नाही. ती काढून टाकावी, म्हणजे शॉकचा धोका कमी होतो, असं लिहिलं होतं.

मी ती ओळ परत परत वाचली. समोर आमटी गार झाली. मला आवाजाशी काही देणंघेणं उरलं नाही. त्या क्षणी ते पिकअप पत्र्याच्या डब्यासारखं वाजलं असतं तरी मी तेच घेतलं असतं.

दोस्ताला मी भलतंच सांगितलं. घट्टपणा, सफाई, दोन ठोक्यांमधली शांतता, त्याचेच शब्द त्याला परत दिले. तुझ्याही गिटारला हेच बसवू, असंही म्हणून बघितलं, पण तो हसला आणि म्हणाला, त्याचं सिरॅमिक त्याच्याबरोबर मसणात जाईल. हे त्याने सहज म्हटलं. मला तो शब्द ऐकवला नाही.

पिकअप आल्यावर त्यानेच ते बसवलं. मी शेजारी बसून होते. जुनं उघडल्यावर ब्रिजखालून आलेली एक बारीक काळी वायर दिसली. एवढीशी. माझ्या बांगडीपेक्षा बारीक. त्यातून ते सगळं माझ्या अंगात आलं होतं. दोस्त म्हणाला, राहू दे, नुसती बाजूला वळवून ठेवतो. मी कात्री उचलून त्याच्या हातात दिली आणि काप म्हटलं. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं, पण कापली आणि टोकाला टेप गुंडाळली. त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी स्टीलच्या ताटात जेवले.

पण वायर कापली तरी तळव्याला कोण सांगणार? पुढच्या सरावालाही तो उचललेलाच. नवं पिकअप इतकं स्वच्छ होतं की माझी भीती उलट जास्त स्पष्ट ऐकू यायला लागली. दोस्त डोकं खाजवत म्हणाला, आता अँपच बदलावा लागतोय का काय. नवरा ड्रमच्या मागून माझ्या हाताकडे बघत होता.

पुढचा सराव शनिवारी ठेवला होता, आणि कंपनीची बस उशिरा आली. मी गिरणीत पोचले तेव्हा ते दोघं वर पोचले होते, दोस्ताची गिटार सुरात लावल्याचा आवाज येत होता. खाली कुणाचं तरी जोंधळ्याचं दळण चालू होतं. आक्का मागच्या कोपऱ्यात त्यांच्या त्या मातीत पाणी ओतत होत्या. मला वर जायचा धीर होत नव्हता, म्हणून मी वेळ काढायला त्यांच्यापाशी गेले आणि एकदाचं विचारलं, आक्का, इथं कुठला देव आहे?

त्या कळशी टेकवून हसल्या. कसला देव, म्हणाल्या. गिरणीचा अर्थ हाय हितं. खाली तांब्याची पट्टी पुरलीया, मीठ-कोळसा घालून. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थ धरत न्हाय, मग मोटर चिमटं काढती. म्हणून पाणी.

अर्थ. वायरमन म्हणतात तो अर्थ. फेज, न्यूट्रल आणि अर्थ. अर्थिंग.

मग मी विचारलं, आणि वर?

"वर न्हाय की. वरची खोली मागनं बांधली, दोनच वायरी नेल्यात्या. तुम्ही आला त्याच दिवशी सांगितलं हुतं, वर अर्थ न्हाय म्हणून."

मला त्या सॉकेटची तीन भोकं दिसली. वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं होतं, त्याच्यामागे काहीच नव्हतं. आमच्या अँपमधली वीज कुठं जाणार, तिला जायला वाट कोणती ठेवली होती आम्ही? अनवाणी उभी असलेली मी, आणि खालच्या बोर्डाला जोडलेला, अर्थ असलेला माइक. आणि वर्षभर आम्ही त्याच माइकला ओठ लावून ओरडत होतो की इथं अर्थ नाही. आम्हाला सांगितलेली सूचना आम्ही गाऊन दाखवत होतो.

तेवढ्यात वरून नवऱ्याच्या काठ्यांचे चार ठोके ऐकू आले. मी नसले की धृपद दोस्त एकटा गायचा. त्याच्या गिटारची वायर कुणी कापलेली नव्हती. माइकवरची स्पंजची टोपी घामाने भिजून मागच्याच सरावात फाटली होती.

कडवं सुरू झालं. कडवं लहान आहे, मीच लिहिलंय. मी धावले ते जिन्याकडे नाही, गिरणीच्या मेन स्विचकडे. लोखंडी दांडा, मला कधी शिवायची हिंमत झाली नसती असा. वरून दोस्ताचा आवाज आला, "अर्थ...", आणि मी दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

अंधार नव्हता, दुपारच होती. पण सगळं थांबलं. गिरणीचा पट्टा सुस्कारत मंद होत गेला. वर नवऱ्याचे ड्रम एकटेच थोडा वेळ चालले आणि मग तेही थांबले. दोस्ताचा आवाज येत नव्हता. त्याचा शब्द स्विचमुळे तुटला की त्याच्या आधी तुटला, हे मला कळलं नव्हतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पाचावर धारण बसलेली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. वर जाऊन जे दिसेल ते बघण्यापेक्षा मला तिथंच उभं राहायचं होतं. आक्का माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

मग कठड्यावरून दोस्ताचं डोकं दिसलं. "वैनी, लाईट गेली व्हय?"

मी पायरीवर बसून रडले. जोंधळा दळायला आलेल्या बाई आपलं दळण राहिलं म्हणून कुरकुरत होत्या.

नंतर आक्का गल्ल्यातला टेस्टर घेऊन आमच्याबरोबर वर आल्या. माइकची वायर काढली, चपला घालून सगळे उभे राहिलो, पहिल्यांदाच, आणि स्विच पुन्हा चालू केला. आक्कांनी टेस्टरचं टोक दोस्ताच्या गिटारच्या तारांना लावलं. आतला लाल दिवा पेटला. मिणमिणता नाही, चांगला ठसठशीत. दोस्ताने ती गिटार अजून गळ्यात घातलेली होती. त्याने पट्टा इतक्या हळू काढला की जणू मूल झोपलंय. माझ्या तारांना लावलं तेव्हा दिवा पेटला नाही, पण वायर जिथं खुपसतात त्या धातूच्या कड्याला लावलं, तिथं पेटला. म्हणजे मी ज्याला सुरक्षित समजत होते तेही चार बोटांवरच होतं. नवऱ्याने टेस्टर हातात घेऊन परत एकदा लावून बघितला. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मी तुला भित्री म्हटलो."

दोन्हींपैकी एक अँप बिघडलेला निघाला, एकाच सॉकेटमुळे वीज दुसऱ्यातही उतरत होती; तो दुरुस्तीला गेला. वायरमनने खालून वरपर्यंत अर्थची हिरवी वायर नेली, आणि स्पीकरसकट सगळं एकाच बोर्डावर आणलं. आक्कांनी चपलांचा नियम मोडला नाही, पण आम्हाला उभं राहायला रबराची चटई दिली. नवा टेस्टर मी स्वतः आणला. तो आता गिटारच्या पिशवीत असतो, आणि मी कुणी हसलं तरी तारांना लावून बघितल्याशिवाय गिटार उचलत नाही. त्याआधी मागच्या कोपऱ्यात कळशी रिती करते. आक्का म्हणतात की एवढं पाणी नको, चिखल होतोय. मी तरी ओतते.

त्यानंतरच्या पहिल्या सरावाला मी तळवा ब्रिजवर ठेवला. ठेवला आणि दाबला. दोन ओळी गेल्या, उचलावासा वाटला, नाही उचलला. जग, जग, जग, आणि मध्ये पूर्ण शांतता. त्या प्रत्येक शांततेत मी वाट बघत होते, आता बसेल, आता बसेल. धृपद आलं. माइकच्या जाळीपासून वीतभर लांब राहून मी ओरडले. पूर्वी ते ओरडताना हसू यायचं.

गाणं संपल्यावर दोस्ताने गिटार खाली ठेवली आणि समाधानाने मान हलवली.

"बगा वैनी, मी मानतो. पिकअप बरोबर निवडलं तुम्ही. काय घट्ट वाजतंय."

ड्रमच्या मागे नवरा काठ्या पुसत होता, त्याने वर बघितलं नाही. मी व्हय म्हणाले आणि तळवा साडीला पुसला. तो पार भिजला होता.